क्रियापद येईपर्यंत थांबा

(महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात काव्यकट्ट्याच्या वतीने केलेलं भाषण, वाचण्यासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी.

सूत्रसंचालकांनी मघाशीच बजावलंय की फक्त बोलायचं, कविता वाचायची नाही. त्यांचंही बरोबर आहे. मागच्या मेळाव्यात माझ्या कवितेचं सातवं कडवं सुरू झालं तेव्हा कुणीतरी सभागृहाचे दिवे लावायला सुरुवात केली होती. मला वाटलं, आता नाट्यमय प्रकाशयोजना होणार. नंतर कळलं की लोकांना घरी जायचं होतं.

तर विषय असा की सध्या आमच्या घरात एका 'वा'वरून वाद चालू आहे.

गेल्या कट्ट्याला माझी लेक बरोबर आली होती. आली म्हणजे आणली. तिला काहीतरी काम हवं म्हणून फोनवर सगळ्यांच्या कविता रेकॉर्ड करायला बसवलं. माझी पाळी आली. कवितेत एक ओळ होती: 'त्या पहिल्या पावसात, ओल्या पायांनी, ती माझ्या दाराशी आलीच नाही.' वाचताना मी 'दाराशी'नंतर थांबले. तो विराम मी आरशासमोर घोटला होता. आणि नेमकं तिथे पहिल्या रांगेतून आलं, 'वा! क्या बात है!' मग मागून आणखी दोन 'वा', एक 'बहोत खूब', आणि त्या सगळ्याखाली माझं 'आलीच नाही' कुठच्या कुठे वाहून गेलं.

काका, हसू नका. तुमच्याबद्दलच बोलतेय.

घरी येताना लेक गाडीत म्हणाली, "आई, ओळ संपायच्या आधीच काका वा म्हणाले. ती आली की नाही हे त्यांना कुठे माहीत होतं?"

मी म्हटलं, "अगं, दाद अशीच देतात."

"पण कशाला दिली?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी सिग्नलकडे बघितलं. नवऱ्याने मात्र संधी साधली. म्हणाला, "काकांना वाटलं असेल संपली एकदाची, त्या आनंदात म्हणाले असतील." तिथून जे सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावून झालंय. आणि मुलीचं म्हणणं खरं आहे, हे मला दर वेळी जास्त स्वच्छ ऐकू येतंय.

खरं सांगते, त्या क्षणी मला ते 'वा' फार गोड लागलं होतं. ओळ बुडाली याचं वाईट वाटायला लेकीचा प्रश्न लागला.

आपल्याकडे दादेचे ठरलेले प्रकार आहेत. एक 'छान'. हे कवितेला, नव्या पडद्यांना आणि कुणाच्या बढतीला सारखंच चालतं. दुसरा 'शब्दच नाहीत'. कवीने एवढे वापरल्यावर उरणार कुठून! तिसरा, 'यावरून मला माझीच एक कविता आठवली', हा सगळ्यांत धोक्याचा, कारण त्यानंतर ती कविता येते. फोनवरच्या ग्रुपची तर वेगळीच तऱ्हा. तिथे मोठी कविता टाकली तरी ती वाचून व्हायच्या आधीच टाळ्या, फुलं आणि जोडलेले हात हजर. एकदा कुणीतरी चुकून सभासद वर्गणीची आठवण टाकली, तिलाही 'अप्रतिम' आलं होतं. खजिनदार अजून विचारताहेत की मग पैसे का नाही आले.

पण नुसती थट्टा करून भागणार नाही. आपण असं का करतो तेही बघायला हवं. आठवडाभर दुसऱ्याच भाषेत मान डोलावून माणूस इथे येतो. घडी करून करून मऊ झालेला कागद खिशातून काढतो. कागद हातात थरथरत असतो. पन्नाशी ओलांडलेला, ऑफिसात चार लोकांना कामाला लावणारा माणूस, आणि त्याचा आवाज पहिल्या ओळीला फुटत नाही. त्याला 'तिसऱ्या ओळीत मात्रा घसरली' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? आपण वा म्हणतो ते कवितेला नसतंच. ते त्याच्या येण्याला असतं.

आणि कौतुकाने कवी घडतच नाही असं कुणी म्हणू नये. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. ते नाव असं चिकटलं की मूळ नाव आपल्याला आठवावं लागतं. काकांनी हाच दाखला माझ्या तोंडावर मारला होता. मी एवढंच म्हटलं, काका, कीर्तिकरांनी कविता पूर्ण ऐकली असणार.

पुण्यात 1923 मध्ये रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे. रविवारी चहाला जमायचे, एकमेकांना कविता वाचून दाखवायचे. म्हणजे आपलाच कट्टा, फक्त कविता बऱ्या. आणि दोनच वर्षांनी, 1925 मध्ये, अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' काढून याच मंडळींची रेवडी उडवली. पण त्या विडंबनांत मला एक गोष्ट नेहमी दिसते. ज्याची टर उडवायची त्याचे लाडके शब्द, त्याची यमकाची खोड, ओळ कुठे वळवायची सवय, हे सगळं विडंबनकाराला पाठ असावं लागतं. तितकं बारकाईने वाचणारा माणूस मित्रमंडळींत सापडणं मुश्कील. माझ्या कवितेचं विडंबन कुणी केलं तर मी त्याचा सत्कार करीन. नारळ माझा.

'आपण इतके लांब लांब राहतो, नीट चर्चा होणार कशी' हेही ऐकू येतं. अहो, उर्दूत इस्लाहची रीतच आहे. शागिर्द गझल पाठवणार, उस्ताद शब्द बदलून, कारण सांगून परत पाठवणार. गालिबने आपल्या शागिर्दाला, हरगोपाल तफ्तांना लिहिलेल्या पत्रांत असलं कितीतरी आहे. तरुण इक्बाल आपल्या गझला टपालाने त्या काळचे उस्ताद शायर दाग देहलवींकडे पाठवायचे, आणि थोड्याच काळात दागांनी कळवून टाकलं की आता दुरुस्त करण्यासारखं फारसं उरलेलं नाही. हे वाक्य मला फार आवडतं. दाद आहेच त्यात, पण आधीच्या गझला लेखणी हातात घेऊन वाचलेल्या माणसाची दाद आहे. आपल्याकडे सुरेश भटांनी नव्या गझलकारांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, पत्रांतूनही लोकांना शिकवलं. अंतर टपालाच्या काळात आड आलं नाही, ते आता फोनच्या काळात यावं?

तर लेकीच्या त्या प्रश्नानंतर आम्ही काही जणांनी कट्ट्यावर एक बदल करून पाहिला. कवीने कविता वाचायची, आणि मग कागद शेजारच्याच्या हातात द्यायचा. त्याने तीच कविता मोठ्याने वाचायची. तोवर कुणी वा म्हणायचं नाही. काकांच्या शेजारी त्यासाठी एक माणूस बसवला होता.

गंमत बघा. कवी स्वतः वाचतो तेव्हा कवितेतले खड्डे त्याला ठाऊक असतात, तो चालीने, हातवाऱ्याने, हुंदक्याने ते चुकवून जातो. दुसरा वाचतो तेव्हा सरळ खड्ड्यात. एका ताईंच्या कवितेत ओळ होती, 'पाखरांनो, घरट्यात परता आता तरी.' वाचणारे गृहस्थ 'परता आता'वर दोनदा अडखळले. कुणालाच काही बोलावं लागलं नाही. ताईंनी स्वतःच पेन काढलं, आणि जराशाने वाचलं, 'घरट्यात आता तरी परता, पाखरांनो.' तेच शब्द. पण आता दोन 'आ' एकमेकांवर आदळत नव्हते आणि हाक शेवटी येऊन लांबवर जात होती. या ओळीला आलेली 'वा' थोडी उशिरा आली, आणि ती मीही म्हटली.

वृत्ताचं तर आपण उगाच भय घेतलंय. मनाचे श्लोक इथे किती जणांचे पाठ आहेत? बघा, हात वर. म्हणजे भुजंगप्रयात तुमच्या कानात बसलेलं आहे. एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा, ओळीत बारा अक्षरं. गण विचारले तर आपण शाळेतल्यासारखे छताकडे बघतो, पण कुणी एक अक्षर जास्त घातलं तर लगेच आपलं डोकं हलायचं थांबतं. कान बरोबर सांगतो, तोंड 'छान' म्हणून मोकळं होतं.

माझ्या वाट्याला आलेला अभिप्राय तर एका वाक्याचा होता. आपल्या कट्ट्यावरच्या एका तरुण मुलाने विचारलं, "मावशी, हा पाऊस कुठला? इथला की तिथला?" मी म्हटलं, पाऊस तो पाऊस. तो म्हणाला, "नाही, इथे पाऊस आला की तुम्ही वैतागता. कवितेत तर नाचताय." आता काय बोलणार! घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. सगळा पाऊस तिकडचा. प्राजक्त तिकडचा, माजघर तिकडचं, कंदिलाची काच पुसणारी आजी तिकडची. इतकी वर्षं मी जिथे राहतेय तिथलं एक झाडसुद्धा त्या वह्यांत नाही. आणि मंडळी, रागावू नका, पण तुमच्या वह्यांतही नाही. आपण सगळे एकाच अंगणातला प्राजक्त वेचतोय आणि एकमेकांच्या ओंजळीला वा म्हणतोय. त्या मुलाच्या प्रश्नाने माझी कविता सुधारली की नाही माहीत नाही. पण आधीच्या सगळ्या 'वा' मिळून मला वही उघडायला लावू शकल्या नव्हत्या.

इथपर्यंत सगळं हसतखेळत झालं. पुढचं सांगणं मला जड जातंय.

आपल्या एक सभासद आहेत, नाव घेत नाही. त्यांनी आई गेल्यावर कविता लिहिली. वाचली, कागद शेजारी गेला, तोही वाचून झाला. मग चर्चा. एकाने म्हटलं, "दुसऱ्या कडव्यातली आई कुणाचीही आई असू शकते." तुळस, पदर, वात्सल्यसिंधू असं ते कडवं होतं. बोलणं खरं होतं. त्यात कुचकेपणा नव्हता, मी तिथेच बसले होते. बाईंनी कागदाची घडी केली, 'आभारी आहे' म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या कट्ट्यावर आलेल्या नाहीत. ग्रुपवरही काही टाकत नाहीत. वर्गणी मात्र वेळेवर भरतात.

मला तेव्हापासून पहिलं कडवंच आठवतंय. त्यात आई सुई हातभर लांब धरते, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करते, नेम चुकतो, आणि मग आरशात बघून भांग पाडणाऱ्या मुलीला म्हणते, 'तुझे डोळे दे जरा.' ही आई कुणाचीही नव्हती. ती त्या बाईंचीच होती. पण कडवं आवडलं म्हणून आम्ही सगळे गप्प राहिलो, आणि खटकलं तेवढं बोललं गेलं. वा म्हणणाऱ्याला जसं 'कशाला?' विचारायला हवं, तसंच खोट काढणाऱ्यालाही विचारायला हवं, की बाबा रे, बाकीची कविता कुठे गेली? सुईदोऱ्याचं कडवं आधी कुणी वाचून दाखवलं असतं, 'ही आई मला दिसली' म्हटलं असतं, तर दुसऱ्या कडव्याचं त्यांचं त्यांनाच कळलं असतं. निदान मला तसं वाटतं. नवऱ्याला वाटत नाही. तो म्हणतो, आई जाऊन महिना झाला नव्हता, त्या बाईंना कवितेवर बोलायचंच नव्हतं, त्यांना फक्त कुणीतरी ऐकायला हवं होतं. लेक म्हणते, मग तसं आधी सांगायचं ना, की आज नुसतं ऐका.

ती हे सहज बोलून गेली, पण आता कट्ट्यावर आम्ही कविता वाचण्याआधी कवीला तेवढं विचारतो. आम्ही नुसतं ऐकायचंय की नीट तपासून बघायचंय? काकांनी गेल्या वेळी 'ऐका' म्हणून सांगितलं, आणि नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, कशी वाटली, खरं सांग.

माझी काळजी मात्र याने मिटत नाही. आपण आहोत मूठभर. रविकिरण मंडळातून एखादा रागावून गेला असता तर अख्खं पुणं होतं. इथे एक खुर्ची रिकामी झाली की ती दिसते. खरं बोलत राहिलो तर कट्टा टिकेल का? आणि नुसतं वा म्हणत राहिलो तर जो टिकेल तो कवितेचा कट्टा असेल का? ज्या पोरांना क्रियापदापर्यंत थांबायचा धीर आहे, त्यांचं मराठी आणखी काही वर्षांनी 'आलीच नाही'मधल्या 'च'पर्यंत पोहोचेल का, हे तर मी घरात बोलतसुद्धा नाही.

पुढच्या कट्ट्याची तारीख सूत्रसंचालक सांगतील. कविता एकच आणा, अक्षर दुसऱ्याला लागेल असं असू द्या. त्या बाईंना निरोप द्यायला कुणी जायचं, यावर समितीत अजून एकमत नाही. मी जाते म्हटलं, तर अध्यक्षबाई म्हणाल्या, तू नको, तू तिकडे कविता ऐकवशील. दुसऱ्या कडव्याबद्दल बोलणारे गृहस्थ स्वतः जायला तयार आहेत. पण जाऊन नेमकं काय म्हणायचं, हे त्यांनी मला विचारलंय, आणि मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर मध्यंतरात भेटा.