बिद्दू : आवाज दुसऱ्यांचे, कान त्याचा

लंडन, १९७४. स्टुडिओची वेळ संपत आलीय. ज्या गाण्यासाठी सगळे जमले होते, ते रेकॉर्ड करून झालंय. पण तबकडीला दोन बाजू असतात आणि मागच्या बाजूवर टाकायला काहीतरी हवंच. गायक कार्ल डग्लस स्वतः लिहिलेले काही शब्द पुढे करतो. निर्माता त्यातलं एक उचलतो आणि चाल बांधतो. उरलेल्या दहा मिनिटांत, दोन टेकमध्ये काम उरकतं. मागच्या बाजूचं गाणं कोण कशाला ऐकतंय, म्हणून त्यात 'हू', 'हा' असे हुंकारही सढळ हातानं पेरले जातात.

रेकॉर्ड कंपनीनं दोन्ही गाणी ऐकली आणि बाजूंची अदलाबदल केली. 'कुंग फू फायटिंग' आधी ब्रिटनमध्ये आणि त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. गायक मूळचा जमैकाचा. निर्माता बंगळूरचा, बिद्दू अप्पय्या.

रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी ऐकत वाढलेला हा मुलगा. मित्रांबरोबर 'ट्रोजन्स' नावाचा बँड काढला, बँड फुटल्यावर 'लोन ट्रोजन' म्हणून एकटाच गात राहिला. १९६७ मध्ये त्यानं लंडन गाठलं. पोटासाठी मिळेल ते काम केलं. गायक म्हणून त्याचं नाव काही झालं नाही. झालं ते काचेपलीकडच्या खुर्चीवर बसून.

निर्माता करतो तरी काय? कोणतं गाणं घ्यायचं, ते कुणी गायचं, ड्रम किती पुढे ठेवायचे, व्हायोलिनं कुठे शिरवायची, कोणता टेक ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे सगळं त्याच्या कानावर ठरतं. आणि बिद्दूचा कान विलक्षण होता. इतरांनी बाजूला ठेवलेला आवाज त्याला बरोबर ऐकू यायचा.

ब्रिटिश गायिका टीना चार्ल्सचंच बघा. १९७५ मध्ये तिच्या आवाजातलं '५००० व्होल्ट्स' या बँडचं एक गाणं गाजलं, पण तिचं नाव कुठेच नव्हतं. टीव्हीवर तर दुसरीच बाई ओठ हलवत होती! बिद्दूनं तिला तिच्या स्वतःच्या नावानं समोर आणलं. पुढच्याच वर्षी 'आय लव्ह टू लव्ह' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

मग १९८०. फिरोज खानला 'कुर्बानी'साठी एक गाणं हवं होतं, आणि लंडनमध्ये भेटलेल्या एका पाकिस्तानी शाळकरी मुलीला त्यानं बिद्दूकडे पाठवलं. ती नाझिया हसन, वय पंधरा. 'आप जैसा कोई' आता हेडफोन लावून ऐका. बास आणि ड्रम थेट पुढे आलेले, वाद्यांमध्ये भरपूर मोकळी जागा, आणि त्या जागेत नाझियाचा किंचित नाकातला, कोवळा, कुठलीही हरकत न घेणारा आवाज. त्या काळी मुंबईत गायक आणि भला मोठा वाद्यवृंद बहुधा एकत्रच रेकॉर्ड होत. हे गाणं लंडनमध्ये २४ ट्रॅकवर, म्हणजे आवाज आणि वाद्यं वेगवेगळी रेकॉर्ड करून, थरावर थर चढवत तयार झालं. चित्रपटाची बाकी गाणी कल्याणजी-आनंदजींची, आणि चांगली आहेत. पण हे वेगळ्याच दुनियेतून आल्यासारखं वाटतं. लता-आशाच्या जमान्यात असा आवाज नायिकेला द्यायचा, ही छाती कुणाची होती? माझ्या मते ते गाणं जितकं नाझियाचं, तितकंच बिद्दूचं.

नाझियाला फिल्मफेअर मिळालं. १९८१ मध्ये तिचा आणि भाऊ झोहेबचा 'डिस्को दीवाने' आला. चित्रपट नाही, नायक-नायिका नाहीत, नुसता अल्बम, तरी तो भारतात आणि पाकिस्तानात घराघरांत वाजला.

नव्वदच्या दशकात बिद्दूनं आणखी एक चाल बांधली, तीही आधी नाझियासमोर ठेवली. तोवर ती गाण्यातून निवृत्त झाली होती, आणि पाकिस्तानात कुणाचं मन दुखावेल म्हणून तिनं नकार दिला. गाण्याचं नाव होतं 'मेड इन इंडिया'. मग ते अलिशा चिनॉयकडे गेलं. १९९५ मध्ये गाण्याच्या व्हिडिओत लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर आला आणि दुकानांतून कॅसेटी भराभर उचलल्या जाऊ लागल्या.