चेपलेला ट्रॉम्बोन

[दृश्य: अंधारी खोली. माइकचा लाल दिवा लागतो.]

टेबलाच्या अलीकडे पॉडकास्टची निवेदिका, पलीकडे आजचे पाहुणे. विद्यापीठात असताना ते बँडमध्ये ट्रॉम्बोन, म्हणजे फुंकून वाजवायचं लांब पितळी वाद्य, वाजवायचे; आता पितळी वाद्यं दुरुस्त करतात. गप्पांचा विषय ठरलाय क्रीडा संग्रहालयांचा. पाहुणे मात्र येताना वाद्याची पेटी घेऊन आलेत.

"खेळाच्या गप्पांना ट्रॉम्बोन कशाला?" ती विचारते.

"तिथंही एक आहे ना," ते म्हणतात.

[दृश्य: पेटीचे खटके उघडतात. मखमलीत पितळ चमकतं.]

'तिथं' म्हणजे अमेरिकेतल्या अटलांटा शहरात, कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये. हे संग्रहालय आधी साउथ बेंडला होतं, २०१४ साली अटलांटाला आलं. तिथं हेल्मेटांची एक भलीमोठी भिंत आहे. ७०० हून जास्त विद्यापीठं आणि महाविद्यालयं, प्रत्येकाचं एक हेल्मेट. आलेल्या माणसानं आपलं कॉलेज निवडलं की त्या भिंतीवर त्याचं हेल्मेट उजळतं. इथं जे काही जपलंय, ते खेळणाऱ्यांचं. आणि त्यातच ठेवलाय एक ट्रॉम्बोन. चेपलेला.

[दृश्य: स्टेडियमचं जुनं छायाचित्र. कॅमेरा सावकाश पुढे सरकतो.]

२० नोव्हेंबर १९८२. बर्कलीचं मैदान. कॅलिफोर्निया विरुद्ध स्टॅनफर्ड, दोन शेजारी विद्यापीठं, आणि दरवर्षीची चुरस. स्टॅनफर्डकडे जॉन एल्वे होता, पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये मोठं नाव कमावलेला. घड्याळात ४ सेकंद उरली असताना स्टॅनफर्डनं फील्ड गोल मारला, म्हणजे चेंडू लाथेनं खांबांमधून पार करून तीन गुण मिळवले. २०-१९. आता फक्त चेंडू लाथाडून पलीकडे द्यायचा आणि सामना संपवायचा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पुढे फेकायला कडक बंधनं आहेत, मागे मात्र तो हवा तितक्या वेळा देता येतो. कॅलिफोर्नियाच्या केव्हिन मोएननं चेंडू उचलला आणि मागे दिला. पुढच्यानं त्याच्या मागच्याला दिला. वेळ संपली, पण चाल चालूच होती, कारण चेंडू घेतलेला एकही गडी अजून खाली पडलेला नव्हता. मध्येच एकाला घेरलं, तो पडला असं वाटलं. त्यानं पडता पडता चेंडू सोडवला. असे एकूण पाच पास.

मैदानाच्या त्या टोकाला स्टॅनफर्डचा बँड उभा होता. १४४ वादक. त्यांना वाटलं, झालं, आपण जिंकलो. आणि ते वाद्यं घेऊन आत धावले.

[दृश्य: बँडचा सराव. ओलं गवत. धावणारे पाय.]

या १४४ जणांबद्दल एरवी एका वाक्यात बोललं जातं. आम्ही इथं जरा थांबणार आहोत.

विद्यापीठाचा बँड सामन्यात काय करतो? मध्यंतरात मैदान त्याचं असतं. सुरुवातीला ही पथकं लष्करी थाटानं चालत; रांग सरळ, पाऊल एकत्र. १९०७ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या वादकांनी ती रांग मोडली आणि मैदानावर माणसांनीच इंग्रजी 'पी' हे अक्षर उभं केलं. १० ऑक्टोबर १९३६ रोजी ओहायो स्टेटच्या पथकानं पहिल्यांदा 'ओहायो' हा अख्खा शब्द वळणदार अक्षरात चालत चालत लिहिला. एकामागे एक वादक, वाजवणं अखंड चालू, आणि रांग शाई ओघळावी तशी वळत जाते. शेवटी त्यातल्या 'आय'वर टिंब द्यायला एकच वादक उरतो, खांद्यावर सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेलं अवजड पितळी वाद्य, घेतलेला. तो ऐटीत चालत जातो, टिंबाच्या जागी उभा राहतो आणि दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना कमरेतून वाकून नमस्कार करतो. ते वाद्य अंगावर घेऊन एकदा वाकून बघा.

स्टॅनफर्डची तऱ्हा याच्या उलट. १९६३ नंतर त्यांनी कवायत सोडलीच. एका आकृतीतून दुसऱ्या आकृतीत ते चालत जात नाहीत, वाट फुटेल तसे धावतात. त्या दिवशीही ते धावले ते असेच. ती त्यांची रोजची सवय होती.

[दृश्य: पुन्हा स्टुडिओ. पाहुण्यांचे हात, अगदी जवळून.]

पाहुणे ट्रॉम्बोन जोडतात. ही नळी उलगडून सरळ केली तर जवळपास पावणेतीन मीटर भरेल. त्याला बटणं नाहीत, पडदे नाहीत. एका नळीवरून दुसरी नळी सरकते, तिला वादक स्लाइड म्हणतात, आणि तिच्या सात जागांवर सगळे सूर. कुठल्या जागेला कुठं थांबायचं याची खूण नळीवर नसते, ती हातात बसावी लागते. ते आतल्या नळीवर तेलाचे चार थेंब सोडतात, दोन फवारे पाण्याचे मारतात. मग स्लाइड एका बोटानं ढकलतात आणि हात काढून घेतात.

[फक्त आवाज: स्लाइड घसरत जाते.]

निवेदिका माइक आणखी जवळ सरकवते.

मग ते दुसरी स्लाइड काढतात, दुरुस्तीला आलेली. डोळ्यांना काहीच दिसत नाही. बोट फिरवलं की एका जागी नखाएवढा खळगा लागतो. स्लाइड सरकवली की बरोबर तिथंच अडकते. दोन नळ्यांमध्ये फटच इतकी बारीक, की एवढाही पोचा तिला चालत नाही. मग आख्खा माणूस वर येऊन आदळला तर?

"तो ट्रॉम्बोन तुमच्याकडे आणला तर नीट कराल?" ती विचारते.

दुरुस्तीवर पोट असलेला हा माणूस क्षणभरही घुटमळत नाही. "हात लावणार नाही. तो पोचा काढला तर संग्रहालयात उरलं काय? ट्रॉम्बोन. तो तर दुकानातही मिळतो."

[दृश्य: ते प्रसिद्ध छायाचित्र. पूर्ण पडद्यावर.]

पाचवा पास पुन्हा मोएनकडेच आला. तो वादकांच्या गर्दीतून वाट काढत शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचला, चेंडू दोन्ही हातांत धरून उंच उडाला, आणि खाली आला तो थेट एका ट्रॉम्बोनवादकावर.

[पाच सेकंद शांतता.]

पंच जमले. शिट्टी कुणी वाजवली होती का? नाही. टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेल्याचे सहा गुण. कॅलिफोर्निया २५, स्टॅनफर्ड २०. स्टॅनफर्डला मात्र हा निकाल मान्य नाही: दोघांच्या सामन्यात जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या कुऱ्हाडीच्या चषकावर, तो स्टॅनफर्डकडे असला की, आजही २०-१९ असंच लिहिलं जातं.

[दृश्य: ध्वनिमुद्रणाच्या पट्टीवर उठणाऱ्या लहरी.]

आता कान द्या. रेडिओवर त्या सामन्याचं वर्णन जो स्टार्की करत होते. शेवटच्या धावेला त्यांचा आवाज फाटतो आणि ते ओरडतात, बँड मैदानात आलाय! चित्र न बघता, नुसत्या त्या ओरडण्यावर, पाहुण्यांनी ही चाल पहिल्यांदा ऐकली होती. खोलीत दोघंही गप्प होतात.

ट्रॉम्बोन मुका आहे. त्याच्याजवळ उभं राहिलं तरी त्या दुपारचं काही ऐकू येत नाही. संग्रहालयात वस्तू असते, आवाज असा कुणाच्या तरी आठवणीत आणि जुन्या फितीत. पॉडकास्टवर दोन माणसं बोलत बसतात तेव्हा या दोन गोष्टी एकत्र येतात, म्हणून आम्हाला हे चित्रित करावंसं वाटलं.

गप्पा लॉर्ड्सकडे वळतात. तिथल्या एमसीसीच्या, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या, संग्रहालयात एक चिमणी आहे, भुसा भरलेली, चेंडूवर बसवलेली. १९३६ साली एमसीसीविरुद्ध केंब्रिज विद्यापीठाकडून जहांगीर खान गोलंदाजी करत होते. भारताच्या १९३२ सालच्या पहिल्या कसोटीत खेळलेले तेच. त्यांनी टाकलेला चेंडू उडत्या चिमणीला लागला. तीही विद्यापीठाच्याच सामन्यातली. आणि तीसुद्धा खेळाडू नव्हती.

"चिमणीला जागा दिली," पाहुणे म्हणतात, "मग वाजवणाऱ्यांना का नको? ऐंशी हजार माणसांना उठून उभं करणारी पोरं आहेत ती. त्यांचा सरावाचा कागद, त्यांचा फाटका डगला, त्यांचा आवाज, काहीतरी ठेवा."

निवेदिका मान डोलावते. ती स्वतः विद्यापीठात क्लॅरिनेट वाजवायची, हे तिनं आत्तापर्यंत सांगितलेलं नव्हतं.

[दृश्य: सरावाचं मैदान. संध्याकाळ. दिवे लागतात.]

ट्रॉम्बोनची रांग सगळ्यांच्या पुढे का, हेही ती विचारते. उत्तर साधं आहे. स्लाइड पुढे जाते तेव्हा समोर कुणी असून चालत नाही. समोर माणूस असला तर धक्का त्याच्या पाठीला बसतो आणि पोचा स्लाइडला येतो.

[दृश्य: मैदानावर सात ट्रॉम्बोन एकदम वर उचलले जातात.]

बँडमास्तरांचा हात वर. स्लाइडा पहिल्या जागेवर, वाद्यं ओठांना लागलेली.

[पहिला सूर. पडदा काळा होतो, सूर चालू राहतो.]