जिनिंगच्या ऑफिसातली हार्ड डिस्क

(दृश्य: जिनिंगचं आवार. वजनकाट्यावर कापसाची गाडी.)

धरणगाव, जिल्हा जळगाव. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या काट्यावर लागल्या की हे छोटं ऑफिस रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. कुणाचा माल किती क्विंटल, भाव काय लागला, कुणाचे पैसे द्यायचे राहिले, सगळा हिशेब या एका कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये.

(दृश्य: उघडलेली डिस्क, चकचकीत तबकडी.)

ही डिस्क वेगळी, बंद पडलेली, म्हणून उघडली. चालती डिस्क कधीच उघडू नये. चालू असताना ही तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पळते आणि वाचणारं हेड तिच्यावर जेमतेम काही नॅनोमीटर तरंगतं. बोटाचा ठसासुद्धा त्या फटीपेक्षा जाड.

मग इथं हवेत उडणारं रुईचं तूस आत जात नाही का? नाही. डिस्कला हवेपुरतं बारीक छिद्र असतं आणि त्यामागे फिल्टर. तूस बसतं ते कॅबिनेटच्या जाळीत, पंख्याच्या पात्यांवर. सीझनमध्ये साठतं आणि नडतं मे महिन्यात. जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर जातो, ऑफिसला वर पत्रा, आणि कोंदलेल्या कॅबिनेटमधली डिस्क त्याहूनही तापते. बहुतेक कंपन्यांनी घालून दिलेली मर्यादा ६० अंशांची. तेव्हा कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून ब्लोअर मारायचा. पंखा मात्र बोटानं धरून, नाहीतर तो हवेनं गरागरा फिरतो आणि बिघडतो.

(दृश्य: ऑफिसातला दिवा जातो. अंधार.)

लाईट गेली. आताच्या डिस्कचं कौतुक असं, की वीज तुटताच फिरत्या तबकडीच्याच जोरावर ती हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवते. पण त्या क्षणी लिहिली जात असलेली नोंद अर्धवट राहते, फाईल बिघडू शकते. यूपीएस हवा तो यासाठी. बॅटरी मेलेला यूपीएस टेबलाखाली ठेवून काही उपयोग नाही, आणि तसे यूपीएस बरेच दिसतात.

कॉम्प्युटर हळू झाला की सगळीकडे एकच फर्माईश: ‘फॉरमॅट मारून द्या.’ आधी डिस्क किती भरली ते तरी बघा! साधारण १५ टक्के जागा मोकळी हवी. जागा कमी पडली की फाईलचे तुकडे होऊन इकडेतिकडे पडतात आणि हेडला धावावं लागतं. तुकडे जुळवण्याचं काम म्हणजे डीफ्रॅग. विंडोज ते ठरावीक वेळी स्वतःच करतं, फक्त त्यासाठी कॉम्प्युटर चालू हवा. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, तिला हेडच नाही, तिला डीफ्रॅग नको.

(दृश्य: दुरुस्तीचं दुकान. डिस्कमधून टक्-टक् आवाज.)

‘भाऊ, हाऊ आवाज कसाना शे?’ मुनीमजी विचारतात. दुकानदार उत्तर देण्याआधी कॉम्प्युटर बंद करतो. बरोबर करतो.

आवाजाच्या आधीही डिस्क बहुतेकदा खूण देते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्राम ती वाचून दाखवतो: निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’ हा आकडा बघायचा. खराब झालेल्या जागेऐवजी डिस्कनं राखीव जागा किती वेळा वापरली, ते त्यातून कळतं. तो वाढत असेल तर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-तपासणी, मारत बसू नये. आधी डेटा काढून घ्यावा. तासन्‌तास चालणारी ती तपासणी मरायला टेकलेल्या डिस्कला झेपत नाही.

आणि कधीकधी काही खूण न देताच डिस्क जाते. म्हणून या ऑफिसात बाहेरच्या दोन डिस्क आहेत. एक कपाटात, दुसरी मालकांच्या घरी. कॉपी झाली की केबल काढून ठेवतात. लावूनच ठेवली तर एका व्हायरसमध्ये दोन्हीकडचा हिशेब जायचा. सीझनच्या तोंडावर मुनीमजी त्यातली गेल्या वर्षीची एखादी फाईल उघडून बघतात.