बारा मिनिटं, पन्नास प्रश्न

[दृश्य: रिकामी खोली, बाकांची रांग, भिंतीवरचं घड्याळ]

इंडियानापोलिस. दरवर्षी फेब्रुवारी सरताना कॉलेजात फुटबॉल खेळलेली तीनशेहून अधिक पोरं या शहरात येतात. फुटबॉल म्हणजे अमेरिकेचा, अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून धडका देण्याचा. इथे त्यांची उंची घेतात, वजन करतात, हाताचा पंजासुद्धा मोजतात. चाळीस यार्ड कोण किती सेकंदांत पळतो, ते बघतात. मग एप्रिलमध्ये ड्राफ्ट. एनएफएल म्हणजे तिथली व्यावसायिक फुटबॉलची लीग. तिचे ३२ संघ सात फेऱ्यांत आपापले खेळाडू उचलतात. बोली लागत नाही. आदल्या हंगामात सर्वांत मार खाल्लेल्या संघाला सहसा पहिला मान मिळतो.

या मोजमापात २०२२च्या आधीपर्यंत एक पेपरही होता. वंडरलिक चाचणी. प्रश्न ५०, वेळ १२ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला साडेचौदा सेकंदही नाहीत. तीन चेंडू ४५ सेंटला, तर आठ कितीला? मालिकेत पुढचा आकडा कोणता? सगळे प्रश्न अशाच धाटणीचे. फुटबॉलबद्दल एकही नाही.

[दृश्य: जुन्या वीजकेंद्राची कृष्णधवल छायाचित्रं]

मुळात ही चाचणी खेळाडूंसाठी नव्हतीच. १९३०च्या दशकात एल्डन वंडरलिक यांनी ती नोकरभरतीसाठी तयार केली. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या वीजकेंद्रात काळ्या कामगारांना फक्त अंगमेहनतीच्या, सर्वांत कमी पगाराच्या खात्यात घेत. २ जुलै १९६५ला भेदभावबंदीचा कायदा लागू झाला, आणि नेमक्या त्याच दिवसापासून कंपनीनं बाकीच्या खात्यांसाठी वंडरलिक आणि आणखी एक चाचणी सक्तीची केली. विली ग्रिग्ज आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: जी चाचणी काळ्या माणसांना बाहेर ठेवते आणि त्या कामाशी जिचा संबंध दाखवता येत नाही, ती चालणार नाही.

त्याच दशकात फुटबॉलवाल्यांनी तीच चाचणी उचलली. डॅलस काउबॉइज संघाचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांचं नाव त्यात नेहमी घेतलं जातं.

गुण गोपनीय असायचे. म्हणायला. दरवर्षी कुणाचे ना कुणाचे फुटायचेच. २०१२मध्ये मॉरिस क्लेबोर्नला ५०पैकी ४ मिळाल्याची बातमी आली आणि पोराची देशभर टिंगल झाली. पेपरात फुटबॉलचं काहीच दिसलं नाही, म्हणून आपण तो मनावर घेतला नाही, असं त्यानं सांगितलं. तरी काउबॉइजनं त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. पुढे दुखापतींनी त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. पण गुडघ्याला वंडरलिक कळत नाही.

आणि ५०पैकी ५० मिळवणारा? हार्वर्डचा पॅट मॅकिनली, १९७५. त्याला पाचव्या फेरीपर्यंत ताटकळावं लागलं. पैकीच्या पैकी गुणांनी आपलं नुकसानच झालं, असं तो पुढे सांगायचा. फार हुशार पोरगा कोचला उलट प्रश्न विचारेल, ही धास्ती! सिनसिनाटीकडून तो दहा हंगाम खेळला.

२००९मध्ये तीन वर्षांच्या ड्राफ्टमधल्या ७६२ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाचणीतले गुण आणि मैदानावरचा खेळ यांचा जवळजवळ काहीच मेळ लागला नाही.

[दृश्य: क्वार्टरबॅकच्या हेल्मेटचा क्लोजअप, गर्दीचा गोंगाट]

डोकं लागत नाही, असं मात्र कुणी समजू नये. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू. त्याच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो. चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यापुढे समोरची रचना त्यानंच वाचायची, चाल बदलायची तर ओरडून बदलायची. चेंडू हातात आला की जेमतेम तीन सेकंद, आणि अंगावर सव्वाशे किलोची माणसं. हे बाकावर बसवून कसं तपासणार?

वंडरलिक गेली, तोवर एस-टू नावाची चाचणी आलीच होती. पडद्यावर क्षणभर आकृती चमकते, डोळा आणि बोट किती झटपट चालतं ते मोजतात. २०२३मध्ये तिचेही आकडे फुटले. दोन क्वार्टरबॅक: बातम्यांनुसार ब्राइस यंग ९८ टक्क्यांवर, सी. जे. स्ट्राउड १८वर. ड्राफ्टमध्ये कॅरोलायनाच्या संघानं पहिल्या क्रमांकावर यंगला घेतलं, ह्यूस्टननं दुसऱ्यावर स्ट्राउडला.

आदल्या वर्षी तीन सामने जिंकलेलं ह्यूस्टन त्या हंगामात दहा जिंकलं, आणि स्ट्राउड आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. यंगचा संघ सतरापैकी दोनच जिंकला. त्याला वाचवायला पुढे उभी असलेली खेळाडूंची भिंत रोज कोसळत होती, हेही सांगायला हवं.