दोन सूत कमी

(दरवाजा अगदी जवळून. हँडलची करकर.)

हँडल फिरतंय. दरवाजातून वर येतंय ते मात्र प्लायवूड. नवी काच अजून बनलेलीच नाही. आज काचेचं काम या फळीनं करायचं. वर जायचं, खाली यायचं आणि कुठं अडतंय ते दाखवायचं.

(मेस्त्री, हाताखालच्या पोराला.) "फिरव की बारक्या... हळू... बास, बास. अडली बघ."

गाडी प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याला बनलेली, 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या शेडमध्ये चार महिने उभी आहे. जुन्या गाड्यांचं या गावाला वेड आहेच. दसऱ्याला राजाराम महाराजांची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सोनं लुटायला आलेल्या निम्म्या माना तिच्याकडे वळलेल्या असतात. पण ती राजवाड्याची गाडी. ही घरातली. वडिलांची होती, आता मुलाची हौस आहे. त्या हौसेपायी रंग बदलला, सीट बदलल्या आणि पुढच्या दोन्ही दारांच्या तिकोनी काचा निघाल्या.

(बाकावर तिकोनी काच. तिच्या खिट्टीवर बोट.)

हीच ती. एसी नव्हता तेव्हा ही जरा ढकलली की वारा थेट तोंडावर यायचा. मला विचाराल तर काढायलाच नको होती. पण मालकांनी एसी बसवलाय, तिकोनीच्या फटीतून गारवा टिकत नाही, आणि दारात सलग एकच काच असली की गाडी देखणी दिसते म्हणतात. गाडी त्यांची.

तिकोनी निघाली, तिच्याबरोबर तिच्यामागचा उभा दांडाही निघाला. बघणाऱ्याला वाटतं, जागा मोकळी झाली, आता मोठी काच कापायची नि बसवायची. पण मोठ्या काचेची पुढची कड त्या दांड्यातच तर धावत होती! नव्या काचेची पुढची कड पिलरसारखी, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबासारखी, तिरकी असणार, आणि काच उतरणार मात्र सरळ खाली. हँडल दोन फेरे फिरलं की ती पिलर सोडून मोकळी होते. तिला धरायला आता दाराच्या पोटात, खिडकीच्या खालच्या कडेखाली, आखूड चॅनेल (काच सरकायची खाच) लावावा लागतो. आणि काचेचा पुढचा खालचा कोपरा जातो थेट बिजागरीकडे.

मघाशी फळी अडली ती तिथंच.

(मेस्त्री फळी बाहेर काढतात. कोपऱ्यावर पेन्सिलची खूण. कानशीचा आवाज.)

मेस्त्री टेप खिशातून क्वचितच काढतात. टेप लावायचा तरी कुठं? या चौकटीत एकही कोपरा काटकोनात नाही, वरची कड बाकदार, मागची जरा झुकलेली. म्हणून पुठ्ठा.

(हात. पुठ्ठ्याचे दोन तुकडे.)

इथं बघा. एक तुकडा वरच्या चॅनेलमध्ये शेवटपर्यंत खुपसला. दुसरा मागच्या चॅनेलमध्ये, तोही तळाला टेकेपर्यंत. दोन्ही जिथं एकमेकांवर आले तिथं चिकटपट्टी. आता हे जोडकाम अलगद बाहेर काढायचं, प्लायवर ठेवायचं, आखायचं. काच 5 मिलिमीटरची घ्यायची ठरली आहे, म्हणून प्लायही तेवढ्याच जाडीचा. पातळ घेतला तर फेल्टमध्ये, म्हणजे चॅनेलच्या मऊ अस्तरात, सुळकन जातो आणि फसवतो.

फेल्ट आधी, माप नंतर. रिकाम्या पत्र्याचं माप घेणाऱ्याची काच नंतर फेल्टमध्ये आवळते. फेल्टच्या तळापासून दोन्ही बाजूंना एकेक सूत मोकळं सोडायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिलिमीटर. रुंदीत एकूण दोन सूत कमी.

(भिंतीला टेकवलेली काच. तिच्यावर धूळ.)

ही काच आधीची. दुसरीकडे केलेली. डाव्या दाराच्या मापावर दोन्ही काचा बनवून घेतल्या. डावी बसली, उजवी मागच्या कोपऱ्यात दीड सूत जास्त भरली. कारखान्यात दोन्ही दारं सारखी असतीलही. पण इतक्या वर्षांत एकीकडे ठोकर लागते, एकीकडे पत्रा बदलतो. आणि ही टफन केलेली काच. टफन म्हणजे 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटक्यात गार केलेली. वरचा थर आवळलेला, आतला ताणलेला. ताकद त्यातूनच येते, आणि फुटली तर अणकुचीदार तुकडे न होता बारीक दाणे होतात तेही त्यामुळंच. पण नंतर तिच्यातून दीड सूत काढायला गेलात तर हातात दाणेच राहतात. कापणं, भोक पाडणं, कड घासणं, सगळं भट्टीच्या आधी.

म्हणून ही फळी. ती चुकली तर शंभरभर रुपयांचा प्लाय गेला.

(हँडल. फळी वर. फळी खाली. पुन्हा वर.)

अकराव्यांदा. कोपरा बिजागरीला चुकवून जातोय, पण आता नवंच दुखणं. फळी वर येताना नाक खाली घालते. काच पुढं लांबली, तिचं वजन पुढं सरकलं. उचलणाऱ्या मशीनचा हात मात्र जुन्याच जागी जोर लावतोय. खालचा चॅनेल, ज्यात मशीनचं चाक सरकतं, तो बोटभर पुढं घेतला.

"आता फिरव."

(फळी सरळ वर येते. कुणी बोलत नाही.)

डाव्या फळीवर 'डावी', उजवीवर 'उजवी', बाहेरच्या अंगाला फुली. दोन्ही फळ्या भट्टीकडे गेल्या, आठवड्यानं काचा आल्या.

(काच उन्हात धरलेली.)

खालच्या चॅनेलमध्ये रबराची पट्टी, साबणाचं पाणी आणि लाकडी ठोकळा. हातोडी काचेच्या जवळपाससुद्धा नाही. मग काच तिरकी करून वरून दारात सोडायची, मागची कड आधी फेल्टमध्ये, पुढची नंतर.

त्याच दुपारी मागची काचही नव्या रबरात बसली. बघत राहावं असं काम! काचेभोवती रबर, रबराच्या खाचेत चौफेर नायलॉनची दोरी, दोन्ही टोकं गाडीच्या आत. बाहेरून दोघं तळव्यांनी दाबतात. आत मेस्त्री दोरी ओढतात. दोरी निघेल तशी रबराची ओठाळी पत्र्याच्या कडेवर उलटत जाते, वीतवीत.

(दोरी. फक्त आवाज.)

नियमाचं एका वाक्यात: बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के, पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, गाडीच्या मूळ रचनेला हात लावला असेल तर आरटीओत विचारून घ्यावं.

दाराच्या खालच्या कडेला मेस्त्री तार घालताहेत. 2019 च्या महापुरात ही गाडी पाण्यात होती. गाळानं दाराची भोकं बुजली, पत्रा आतून खाल्ला गेला. बीडिंग, म्हणजे काचेच्या कडेची रबरी पट्टी, कितीही चांगलं असो, काचेवरचं थोडं पाणी दारात उतरतंच. ते खालून बाहेर पडलं पाहिजे.

(संध्याकाळ. पाण्याची नळी.)

काच वर. नळी सुरू. छतावरून पाणी, पिलरवरून पाणी, दाराखालच्या भोकांतून धार. मालक आत बसलेत, मोबाइलचा उजेड कडेकडेनं फिरवताहेत. पुढच्या कोपऱ्यात, जिथं तिकोनी होती तिथं, एक थेंब. थांबतो. मग आतल्या बाजूनं खाली ओघळतो.

मेस्त्री दार उघडतात, रबराखाली बोट घालतात, कोपऱ्यावर खडूनं खूण करतात.

"उद्या सकाळी या मालक. आन् त्यो एसी लावू नगा तवर."