कुंथणं वेगळं, उचलणं वेगळं

(कोल्हापुरात एका महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

दरवर्षी मला अशा कार्यक्रमांना गुडघेदुखीवर बोलायला बोलावतात. गुडघा हा सभ्य अवयव आहे, त्याच्याबद्दल चारचौघांत बोलता येतं. आजचा विषय, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचा स्नायू आणि वजन उचलणं, गुडघ्यापेक्षा हातभर वरचा आहे, आणि तरीही तुम्ही तो फलकावर लिहिलात. मागे दाराशी तालमीतले दादा उभे आहेत, त्यांनी जाऊ नये. हा स्नायू तुम्हालाही आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक मुलगी आली. पॉवरलिफ्टिंग करणारी, डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून वजन उचलण्यात, शंभर किलो ओलांडलेली. खुर्चीवर बसली, जमिनीकडे बघत म्हणाली, "मॅडम, मी जड वजन उचललो की थोडं ओलं होतंय." (आपल्याकडच्या मुली 'उचललो'च म्हणतात. पुण्याचे लोक हसतात, हसू देत.) तिनं सराव सोडायचं ठरवलं होतं. आईनं बजावलं होतं, वजनं उचललीस तर पिशवी खाली येईल, लग्नानंतर पंचाईत होईल. मी विचारलं, घरात गॅसची टाकी कोण उचलतं? म्हणाली, "आईच की."

घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो. लोखंडाचं वजन धरलं तर भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास जाते. ती आई कमरेत वाकून, दात दाबून, श्वास कोंडून उचलते आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. मुलगी आरशासमोर, चांगल्या पायठेवणीनं वजन उचलते, तर घरात काळजी सुरू होते. माझ्या मते यात काळजी कमी आणि 'मुलीनं हे करावं का' हा भाग जास्त आहे.

आता तो स्नायू. पुढे ओटीपोटाखालचं हाड, मागे माकडहाड, आणि या दोहोंमध्ये झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा थर. त्या झोळीवर लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि गुदाशय टेकलेले असतात. झोळीतून बाईला तीन वाटा बाहेर पडतात, पुरुषाला दोन. यातल्या मुख्य स्नायूचं शास्त्रीय नाव लिव्हेटर ॲनाय. लिव्हेटर म्हणजे उचलणारा. हाताच्या बेटकुळ्या आपण फोटोत दाखवतो, पण नावातच उचलणं आहे तो खाली बसून काम करतो आणि त्याला आपल्या बोलीत धड नावही नाही. मी त्याला 'ओटीपोटाचा तळ' म्हणते.

हा तळ एकटा काम करत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी बघितलीय ना? एक जण ती उंच काठी पेलतो, पण चारी बाजूंनी दोऱ्या धरणारे असतात म्हणून ती उभी राहते. एकानं दोरी ढिली सोडली की बाकीच्यांची तारांबळ. पोटाचंही तसंच. वर श्वासाचा पडदा, पुढे आणि बाजूंना पोटाचे स्नायू, मागे पाठीचे, खाली हा तळ. श्वास आत घेतला की पडदा खाली येतो आणि तळ थोडा सैल होतो. श्वास सोडला की तळ वर येतो. वजन उचलताना पोटात दाब तयार होतो, आणि तो व्हायलाच हवा, त्याच्याशिवाय कणा सांभाळला जात नाही. प्रश्न एवढाच, की त्या दाबाला चारही बाजूंनी अडवणारं कुणी आहे का. तळ ढिला असेल तर दाब तिथूनच वाट काढतो.

इथे मराठीनं आपल्याला एक फार नेमका शब्द दिलाय: कुंथणं. शौचाला बसल्यावर आपण श्वास कोंडतो आणि जोर खाली ढकलतो, तळ उघडतो. त्या जागी ते काही अंशी ठीकच. पण वजन उचलताना बऱ्याच जणी तेच करतात. चेहरा लाल, पोट पुढे फुगलेलं, सगळा जोर खाली. ते उचलणं नाही, ते कुंथणं झालं. श्वास तसाच, वजन तेवढंच, पण तळ आधी वर ओढून धरला आणि मग पोट चहूबाजूंनी घट्ट केलं, तर गोष्ट पूर्ण वेगळी होते. माझ्याकडच्या त्या मुलीचं नेमकं इथंच चुकत होतं. कमरेला वजन उचलतानाचा पट्टा बांधायची आणि पट्ट्यावर पोट ढकलायची. पट्ट्यामुळे पोटातला दाब वाढतो. तळाला तो आधार देत नाही. तालमीतल्या दादांना सांगते, लंगोटाचंही तेच. लंगोट बाहेरून झाकतो, आतला स्नायू तुमचा तुम्हालाच चालवावा लागतो.

मग वजन उचलल्यानं अंग बाहेर येतं का, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरते का? आजवरच्या अभ्यासांतून, रीतसर शिकून जिममध्ये वजन उचलणाऱ्या बायकांचं अंग त्यामुळेच खाली येतं, असं ठोस दिसलेलं नाही. लघवी गळण्याची तक्रार मात्र जड वजन उचलणाऱ्या खेळाडूंत बरीच आढळते, मूल न झालेल्या मुलींतसुद्धा. म्हणजे 'काही होत नाही' असंही म्हणायचं नाही. पण मीराबाई चानूनं टोकियोत 49 किलो गटात एकूण 202 किलो उचलून रौप्य आणलं, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या तीन मुलांनी 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये कांस्यपदकं आणली, तेव्हाही वाजवल्या. ही विद्या इथली आहे. ती मुलींना शिकवताना तळाचा धडाही शिकवा, एवढंच माझं मागणं.

खरी काळजी मला दुसरीकडे वाटते. हंगामात आपल्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बाई पहाटेपासून कोयता चालवते, मग उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढते. दिवसभर, महिनोन्‌महिने. बाळंतपण होऊन किती दिवस झालेत ते मुकादम विचारत नाही. फडात आडोसा नसतो म्हणून ती पाणीच कमी पिते, मग लघवी जळजळते, पोट साफ होत नाही, पुन्हा कुंथणं. जिममध्ये वजन आपण ठरवतो, विश्रांती आपण ठरवतो, उद्या नको वाटलं तर जात नाही. मोळीचं तसं नसतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची चर्चा 2019 मध्ये इतकी झाली की सरकारला समिती नेमावी लागली. अंग खाली उतरल्यासारखं वाटतंय, म्हणून पिशवी काढून टाकणं हा पहिला उपाय नव्हे. पिशवी काढली तरी झोळी ढिलीच राहते.

तळाला सगळ्यात मोठा ताण बसतो तो बाळंतपणात. बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूचा काही भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो. मांडीचा स्नायू असा ताणला असता तर आपण प्लास्टर घालून झोपलो असतो. सव्वा महिना बाळंतिणीला घराबाहेर पडू देत नाहीत, ही जुनी रीत या बाबतीत शहाणी आहे. पोट करकचून बांधायची रीत मात्र मला पटत नाही. हलका आधार ठीक. आवळलं की दाब जाणार कुठे? खालीच. त्यानंतर चालणं, श्वास, तळाचा व्यायाम, मग हलकी वजनं, आणि जड वजनं काही महिन्यांनी. माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मला शिंकताना त्रास व्हायचा. एका अनुभवी डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, बायकांना हे असतंच." मी स्वतः या क्षेत्रातली, आणि मीही दोन वर्षं ते ऐकून गप्प बसले. मेनोपॉजनंतर, सततच्या खोकल्यानं, वाढलेल्या वजनानं हा त्रास वाढतो हे खरं, पण 'असतंच' याचा अर्थ 'असू दे' होत नाही.

व्यायाम 1948 पासून लिहून ठेवलेला आहे, डॉ. केगल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी. बसल्या जागी, वारा सरणार आहे आणि चारचौघांत अडवायचाय, अशी कल्पना करा. तो आवळा आणि वर ओढा, जणू लिफ्ट एक मजला वर गेली. मांड्या, ढुंगण, भुवया यांना काम नाही. मग पूर्ण सोडा. सोडणं हा निम्मा व्यायाम आहे. एका वेळी किमान आठ, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार थांबवायचा सराव करू नका. आणि शिंक, खोकला, टाकी, घागर, बाळ, काहीही यायच्या क्षणभर आधी तळ आवळायची सवय लावा.

काही जणींचा तळ ढिला नसतो, उलटा सतत आवळलेला असतो. त्यांना संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी अडखळते, आणि तरी गळते. अशा बाईनं हजार केगल केले तर त्रास वाढेल. म्हणून आधी एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. खाली गोळा आल्यासारखं वाटत असेल, दिवस चढेल तसं जड होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आत बसवायची रिंग, म्हणजे पेसरी, अनेकींना शस्त्रक्रियेशिवाय निभावून नेते. लघवी पूर्ण अडली किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात हे सांगायचं धाडस करते: ताटात भाजी, काकडी, पालेभाजीसुद्धा असू द्या. बद्धकोष्ठतेनं रोज सकाळी तळावर जे होतं, ते आठवड्यातल्या तीन डेडलिफ्टनी होत नाही. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: "वजन उचलताना श्वास सोडायचा की धरायचा?" हलक्या आणि मध्यम वजनाला, जिथे जोर लागतो तिथे श्वास सोडा. टाकी उचलताना तोंडानं 'हूऽऽ' करत उचला, शेजारी हसल्या तरी चालेल. अगदी जास्तीत जास्त वजन उचलणाऱ्या खेळाडूला काही क्षण श्वास धरावाच लागतो. तिनं आधी तळ वर ओढायचा, मग पोट घट्ट करायचं, मग उचलायचं, आणि गळायला लागलं की दांडीवरचे पाच-दहा किलो उतरवून तिथून पुन्हा चढायचं. ती मुलगी वजन कमी करून दोन महिने हेच करत होती. आता ती पुन्हा शंभराच्या वर आहे. गॅसची टाकीही घरात आता तीच उचलते, आणि आईला तिनं 'हूऽऽ' शिकवलंय.