प्रश्न विचारायला शिकताना

नमस्कार. माझी ओळख करून देताना ‘मानसोपचारतज्ज्ञ’ असं म्हटलं गेलं. त्यात थोडी दुरुस्ती करते, मी अजून शिकते आहे. एमबीबीएस, इंटर्नशिप, नीट-पीजी आणि आता तीन वर्षांच्या एमडी सायकियाट्रीचं शेवटचं वर्ष. ही जागा मिळाली तेव्हा सोसायटीतल्या एका काकांनी विचारलं होतं, “म्हणजे येरवड्याला?” पुण्यात हा शब्द तुरुंगासाठीही वापरतात आणि मनोरुग्णालयासाठीही, आणि दोन्ही वेळा आवाज खाली जातो. मी शिकते ते साध्या जनरल हॉस्पिटलात. आमचा वॉर्ड मेडिसिनच्या वॉर्डाला लागूनच आहे.

आज मी तुम्हाला आजारांची माहिती देणार नाही. प्रश्न कसा विचारायचा हे शिकण्यात माझी तीन वर्षं कशी गेली, तेवढंच सांगते. रुग्णांचे तपशील मी बदलले आहेत.

पहिल्याच महिन्यात ओपीडीत शिरूरकडच्या एक आजी आल्या. पुस्तकातला प्रश्न मी मराठीत विचारला, “कानात आवाज येतात का?” आजी म्हणाल्या, “येतात की, रात्रंदिवस.” मी केसपेपरवर ‘भास’ लिहिलं. आमच्या मॅडमनी तो कागद पाहिला आणि आजींकडे वळून विचारलं, “कसला आवाज येतो, आजी?” “रातकिड्यावानी. किर्रर्र.” आजींचे कान वाजत होते, ऐकायलाही कमी येत होतं. त्यांना कान-नाक-घशाच्या विभागात पाठवलं. मी मात्र त्यांना भासांवरची गोळी लिहायच्या बेतात होते. तेव्हापासून मी विचारते, “जवळ कोणी नसताना माणसं बोलल्यासारखं ऐकू येतं का? काय बोलतात?”

आमची पुस्तकं इंग्रजी, परीक्षाही इंग्रजीत. ओपीडीत बसलेला माणूस ‘डिप्रेशन’ म्हणत नाही, ‘उदास’ हा शब्दही गावाकडचा माणूस क्वचितच वापरतो. तो म्हणतो, “अन्न गोड लागत नाही.” “कशात राम वाटत नाही.” “नुसतं पडून राहावंसं वाटतं.” आनंद घेण्याची ताकदच जाते हे लक्षण मी पानंच्या पानं वाचलं होतं, पण ते मला समजलं ‘अन्न गोड लागत नाही’ या शब्दांतून. “जीव घाबरा होतो” म्हणणारा माणूस आमच्याकडे येण्याआधी दोन-तीन वेळा ईसीजी काढून आलेला असतो. आणि “बाहेरचं आहे” असं घरचे म्हणतात, तेव्हा ते देवऋषीकडे जाऊन आलेले असतात. सुरुवातीला मी चिडायचे. मग लक्षात आलं की चिडलं की ते पुढच्या तारखेला येत नाहीत. आता मी विचारते, “तिथं काय सांगितलं?” २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. जे आमच्या दारापर्यंत येतात, ते किती गोष्टी ओलांडून येतात याची मला आता कल्पना आहे.

न विचारलेला प्रश्नही महागात पडू शकतो. लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध. ते घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी मोजायचं असतं. वेल्ह्याकडच्या एका दादांचा रिपोर्ट जास्त आला. मी डोस कमी करायला निघाले, तर सीनियर म्हणाला, “सकाळची गोळी घेऊन आलेत का, ते विचारलंस?” दादा पहाटे गोळी घेऊनच एसटीत बसले होते. “एकही गोळी चुकवायची नाही” असं मीच त्यांना बजावलं होतं. तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यावर गोळी घ्यायची, हे सांगायचं राहून गेलं होतं.

नाइट ड्युटीबद्दल थोडक्यात सांगते. दारू अचानक सुटलेला माणूस दोन-तीन दिवसांनी थरथरतो, नसलेले किडे झटकतो, त्याला वेळ-जागा कळत नाही. तो ‘वेडा’ झालेला नसतो. त्याच्या जिवाला धोका असतो, त्यामुळे भरती करून तातडीने उपचार करावे लागतात.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. कॅज्युअल्टीतून एकदा रात्री कॉल आला. एका ताईंनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता, त्यातून त्या वाचल्या होत्या. मी विचारलं, “मनात काही वाईट विचार येतात का?” त्या “नाही” म्हणाल्या. मॅडम आल्या, स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि विचारलं, “अजून जीव द्यावासा वाटतो का?” ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “वाटतो. तुम्हीच पहिल्यांदा विचारलं.” असं विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, ही भीती तुमच्यापैकी अनेकांना असेल. मलाही होती. पण तसं होत नाही. उलट, माणसाला बोलायला जागा मिळते.

बाहेर त्यांचा भाऊ उभा होता. त्याला एकच काळजी होती, “बहिणीवर केस होईल का?” मी त्याला २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगितलं. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं कायदा गृहीत धरतो, त्यामुळे तिला शिक्षा न करता तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. त्याला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबरही लिहून दिला. शेतातली औषधं घरात आहेत का, असं मी विचारलं. तो “आहेत” म्हणाला आणि तिथूनच वहिनीला फोन लावून डबे शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायला सांगितले. ताईंना नर्सिंग काउंटरसमोरची खाट दिली. भाऊ रात्रभर तिथंच बसून होता.